अमूर्त निसर्गचित्र: जागेवर की स्टुडिओत?

बाहेर बसून निसर्ग पाहत काढलेले अमूर्त चित्र, म्हणजे वस्तू हुबेहूब न दाखवता रंग-आकारांतून केलेले चित्र, जागेवरच पूर्ण व्हायला हवे, की स्टुडिओत नेऊन संपवले तरी चालते, हा वाद आजही मिटलेला नाही. त्याची मुळे अमूर्त कलेहूनही जुनी आहेत.

1800 साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका पाठ्यग्रंथात निसर्गचित्रकारांना बजावले होते की बाहेरचा अभ्यास दोन तासांत आटपा, सूर्यास्ताचा तर अर्ध्याच तासात, कारण प्रकाश थांबत नाही. तपशील गळायला सुरुवात झाली ती या घाईत. 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला एक चित्रकार नुसते ढग रंगवत होता. कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायचा; पुढच्या बाजूला अनेकदा जमिनीचा पत्ताच नसायचा. 1841 मध्ये कथलाच्या नळीचे पेटंट निघाले, डुकराच्या मूत्राशयात रंग भरून नेण्याची कटकट संपली. पुढे दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार बाहेर बसून क्षणाचा प्रकाश रंगवू लागले.

माझ्या मते खरे वळण 1888 चे, फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या एका नदीकाठचे. वहीच्या पानाएवढ्या फळीवर एक तरुण रंगवत होता आणि ज्येष्ठ चित्रकार शेजारी उभा राहून सांगत होता: सावली निळी दिसते ना, मग शुद्ध निळाच लाव. झाडे, पाणी, पाणचक्की यांचे निव्वळ रंगाचे तुकडे झाले. शतकाच्या अखेरीस मॉस्कोतल्या प्रदर्शनात गवताच्या गंजीचे चित्र एका प्रेक्षकाला आधी ओळखूच आले नाही, तरी ते मनातून जाईना. हाच माणूस पुढे अमूर्त चित्रकलेचा अग्रणी झाला.

वाद पेटावा असे उदाहरण मात्र 1952 चे आहे. त्या उन्हाळ्यात एक तरुण चित्रकर्ती कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर घडीचे इझल (चित्र टेकवायची घोडी) घेऊन फिरली, लहान लहान निसर्गचित्रे केली. ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या स्टुडिओत तिने सुमारे सात फूट बाय दहा फुटांचा, प्रायमर (कापडाने रंग शोषू नये म्हणून द्यायचा थर) न लावलेला कॅनव्हास जमिनीवर अंथरला, कोळशाच्या मोजक्या रेघा मारल्या आणि टर्पेंटाइनने पाण्यासारखा पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. रंग कापडात मुरला. डागांभोवती तेलाची कड उमटली, ती आजही दिसते. ती दृश्ये आपल्या हातांत मुरली होती, असे तिने नंतर सांगितले. स्टुडिओवाले याचाच दाखला देतात: अमूर्त चित्र आठवणीतून येते, बाहेर फक्त पाहायचे. मला हा दाखला अर्धवट वाटतो. किनाऱ्यावरची ती चित्रे हातून झाली नसती, तर ऑक्टोबरमध्ये हातात मुरलेले काय असते? बाहेरच्या कामाला नुसती तयारी म्हणणे हा त्या कामावर अन्याय आहे.

त्याच दशकात, 1959 मध्ये, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा एक चित्रकार ग्लायडिंग, म्हणजे इंजिनाविना विमान उडवणे, शिकू लागला. क्षितिजरेषा सोडून तो हवेचे प्रवाह आणि खाली फिरणारा किनारा रंगवू लागला. 1964 मध्ये ग्लायडरच्या अपघातानंतर तो गेला. आपल्याकडे 1960 च्या सुमारास वाराणसीचे घाट पाहून आलेल्या एका चित्रकाराच्या कॅनव्हासवरून माणसे नाहीशी झाली. पुढे घरेही सपाट पृष्ठांत विरत गेली.

1950 च्या दशकात पाण्यात मिसळणारे, झटपट सुकणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले आणि जागेवर थरावर थर चढवणे शक्य झाले. उन्हावाऱ्यात पॅलेटवरचा रंग काही मिनिटांत सुकू लागतो, तेव्हा घोटत बसायला सवड नाही. मोठा ब्रश, सुरी, दोन-तीन टोन (उजेड-अंधाराच्या छटा), एवढ्यावर निर्णय घ्यावा लागतो.

सध्या वादाला धार आली आहे ती जागेवर निसर्गचित्र काढण्याच्या स्पर्धांच्या नियमांमुळे. कोऱ्या कागदावर आधी शिक्का मारायचा आणि ठरल्या वेळी चित्र जमा करायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. शिक्का चित्र जागेवर केल्याची खात्री देतो, पण परीक्षक समोरच्या जागेशी साम्य शोधू लागले की अमूर्त काम आपोआप मागे पडते. त्यामुळे अमूर्त चित्रांसाठी वेगळा गट ठेवावा, अशी मागणी होते. विरोधकांचे म्हणणे, वेगळा गट केला तर ही चित्रे निसर्गचित्रे नाहीत हेच मान्य केल्यासारखे होईल, आणि त्यांचा हा मुद्दा मला पटतो.