दिवस गेलेत, आता काय वाचायचं?

आमच्या सांगली-मिरजेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात गोड बातमी आली की दुकानात आधी येतो तो नवरा, नाहीतर होणारी आजी. ‘गरोदरपणावरचं एखादं चांगलं पुस्तक द्या’ म्हणतात. जिला वाचायचंय ती घरी असते आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून आमची पहिली विनंती ही, की तिला काय आवडतं ते विचारून या. ती स्वतः आली तर फारच बरं. बसायला खुर्ची आहे, पुस्तकं निवांत चाळून बघता येतात.

आमचा सल्ला थोडक्यात असा: माहितीचं पुस्तक एकच घ्या, करमणुकीची हवी तेवढी. माहितीची तीन पुस्तकं घरात आली की तिन्ही वेगवेगळं सांगतात आणि रात्री दोन वाजता जीव घाबरा होतो.

माहितीचं पुस्तक कसं पारखायचं

मुखपृष्ठावरच्या गोंडस बाळाकडे नंतर बघा. आधी शीर्षकाच्या पानामागची बाजू उघडा. तिथे ‘पुनर्मुद्रण’ लिहिलं असेल तर जुनाच मजकूर पुन्हा छापलाय. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर लेखकानं त्यावर पुन्हा हात फिरवलाय. गरोदरपणाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. पूर्वी गरोदर बाईला फक्त धनुर्वाताची लस देत, आता धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची मिळून देतात. जागतिक आरोग्य संघटना आधी किमान चार तपासण्या सांगायची, २०१६ पासून आठ सांगते. वीस वर्षांपूर्वीच्या मजकुरात यातलं काही सापडणार नाही.

मग धोक्याच्या लक्षणांचं पान शोधा. अंगावरून रक्त जाणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं: हे सगळं एका ठिकाणी असावं आणि ‘लगेच दवाखान्यात जा’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. लोहाच्या गोळ्यांचं पानही वाचून बघा. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबासारख्या आंबट फळाबरोबर घेतली तर लोह अंगी जास्त लागतं, शौचाला काळं झालं तरी घाबरू नये, इतकं साधं ज्या पुस्तकात नाही ते पुस्तक बाजूला ठेवा.

परदेशी पुस्तकांचे अनुवाद वाचायला छान असतात, पण त्यातला आहार आपल्या ताटातला नसतो. नाचणी, बाजरी, शेपू, मटकी, शेंगदाण्याची चटणी ज्यात आहे तेच रोज कामी येतं. आणि अॅम्ब्युलन्सचा नंबर आपल्याकडे १०८ आहे, पुस्तकात दुसराच छापलेला असला तर खोडून हा लिहा.

एक पुस्तक तर फुकट मिळतं. सरकारी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं की माता व बाल संरक्षण कार्ड देतात. बरेच जण ते फक्त शिक्के मारायला वापरतात. आधी ते नीट वाचा, आशाताईंना शंका विचारा, मग आमच्याकडे या.

जी पुस्तकं आम्ही ठेवत नाही

मुलगाच व्हावा म्हणून तिथी आणि पथ्य सांगणारी पुस्तकं आमच्याकडे मिळणार नाहीत. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच, वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. नंतर काही खाऊन बदलत नाही. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहेच. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा म्हणणारी किंवा ग्रहणाची भीती घालणारी पुस्तकंही नाहीत.

गर्भसंस्काराची पुस्तकं पुष्कळ जण मागतात. अभिमन्यूची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर ते तो ओळखतं, हे खरं आहे. तेव्हा ओव्या म्हणा, स्तोत्रं म्हणा, गोष्टी मोठ्यानं वाचा, जरूर वाचा. पण अमुक पानं वाचली की बाळ हुशार निपजेल अशी हमी देणारं पुस्तक घेऊ नका. नंतर त्या आईलाच वाटत राहतं की आपलं काही कमी पडलं.

मन रमवायला

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ असते, कोऱ्या शाईचा वाससुद्धा काहींना नकोसा होतो. तेव्हा हाताळलेलं, जुनं पुस्तक बरं. चार-पाच पानांत संपणाऱ्या विनोदी कथा, ललित लेख, पत्रं. मिरजेच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत एक कथा सहज होते. पोट वाढल्यावर कुशीवर पडून वाचावं लागतं, जाडजूड कादंबरीनं मनगट दुखतं. दीडशे पानांचं, मोठ्या टाइपाचं निवडा. रहस्यकथा आवडत असतील तर खुशाल वाचा. झोप उडत नाही ना एवढंच बघा.

आम्हाला स्वतःला फार आवडणारी गोष्ट म्हणजे नाटकं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी रंगभूमी सुरू केली ती आपल्या सांगलीत. संध्याकाळी नवरा-बायकोनं पात्रं वाटून घेऊन एक प्रवेश मोठ्यानं वाचावा. सासूबाईंनाही एखादी भूमिका द्यावी. घर हसतं आणि पोटातल्या बाळाला सगळ्यांचे आवाज.

डोहाळजेवणाला साडीबरोबर ओटीत पुस्तक घालणार असाल तर स्तनपान आणि तान्ह्या बाळाच्या काळजीवरचं घाला. बाळंतपणानंतर वाचायला उसंत मिळत नाही, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच वाचून व्हावं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मध नाही, पाणी नाही, गुटी नाही, हे त्यात ठळक हवं. बाळंतिणीच्या मनःस्थितीवर एक प्रकरणही हवं. सतत रडू येणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं यावर उपचार असतात, हे घरातल्या सगळ्यांनी वाचलेलं बरं.

पुस्तक नेलं आणि तिला नाही रुचलं तर पंधरा दिवसांत बदलून नेता येईल. पावती नसली तरी चालेल. पानाचा कोपरा दुमडलेला असला तरीही.