शेंगदाणा आधी ‘नको’ होता, मग ‘लवकर द्या’ कसा झाला?

अंगावर एक्झिमाचे, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या विकाराचे, चट्टे असलेलं सहा महिन्यांचं बाळ. उष्टावण झालं, भाताची पेज सुरू झाली. आता अंडं, शेंगदाणा, मासे कधी? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आई झालेली मावशी सांगते, ‘तीन वर्षं हातसुद्धा लावू देऊ नकोस.’ आजचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, ‘फार थांबू नका.’ मावशीचं चुकत नाही. तिला तेव्हा तेच सांगितलं गेलं होतं.

१९९८ साली ब्रिटनमधल्या सरकारी समितीने अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या घरांना सल्ला दिला: बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा टाळा. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर तक्ताच दिला. अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळाला गाईचं दूध एक वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, शेंगदाणा आणि मासे तीन वर्षांनंतर. जे खाल्लंच नाही त्याची अ‍ॅलर्जी कशी होईल, हा त्यामागचा साधा हिशेब. पुरावा मात्र तुटपुंजा होता. २००८ मध्ये अकादमीने तो सल्ला मागे घेतला.

खरी कलाटणी मिळाली ती इस्रायलमधल्या एका व्याख्यानात. लंडनचे डॉक्टर गिडिअन लॅक यांनी तिथे जमलेल्या डॉक्टरांना विचारलं, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची मुलं तुमच्याकडे किती येतात? मोजकेच हात वर झाले. लंडनमध्ये हाच प्रश्न विचारला असता, तर जवळपास सगळे हात वर गेले असते. मग ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना झाली: ब्रिटनमध्ये अ‍ॅलर्जीचं प्रमाण १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७. वंश तोच, खाणं वेगळं. तिथली बाळं दात येण्याच्या वयातच ‘बाम्बा’ नावाचे, शेंगदाणा घालून केलेले, तोंडात विरघळणारे कुरकुरे चघळतात.

यावरून ‘लीप’ हा प्रयोग उभा राहिला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं. निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाणा पूर्ण बंद, निम्म्यांना आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन. २०१५ मध्ये निकाल आला: टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. जपानमध्ये एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी अगदी थोडी-थोडी दिली, तेव्हाही असाच फरक दिसला. मात्र तिथे एक्झिमावर उपचारही चालू होते.

असं का होतं? लॅक यांचं म्हणणं असं, की एक्झिमाने तडकलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शरीरात शिरले तर शरीर त्यांना शत्रू मानतं. तेच पोटातून आधी गेले तर सवयीचे होतात. आपल्या स्वयंपाकघरात कुटाचा डबा रोज उघडतो, हातांना आणि ओट्याला कूट लागतंच. बाळाच्या तोंडात शेंगदाणा पडत नाही, म्हणून तो बाळापासून लांब आहे असं मानणं अवघडच.

२०१७ पासून अमेरिकेतल्या सूचना बाळानुसार बदलतात. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांकडे तपासणी, आणि ते म्हणाले तर बाळ ४ ते ६ महिन्यांचं असताना सुरुवात. सौम्य एक्झिमा असेल तर सहाव्या महिन्याच्या आसपास, घरीच. अख्खा दाणा मात्र कधीच नाही, तो घशात अडकतो. बारीक कूट पेजेत नीट कालवून द्यायचं.