सेपरेशन मोडणं वेगळं, टीकॅसचा आदेश वेगळा

‘दोन विमानं हवेत आमनेसामने, थोडक्यात वाचली’ अशा बातमीत दोन निरनिराळ्या गोष्टी हमखास एकत्र कालवल्या जातात. एक म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने राखायचं अंतर कमी पडलं, याला सेपरेशन मोडणं म्हणतात. दुसरी म्हणजे कॉकपिटमधल्या टीकॅस यंत्राने टक्कर टाळायचा आदेश दिला. यातली कुठलीही एक दुसरीशिवाय घडू शकते, कारण नियंत्रक मैल आणि फूट मोजतो, तर टीकॅस सेकंद मोजतं.

आधी नियंत्रकाचं माप. रडारखालच्या मार्गावर दोन विमानांत सहसा आडवं ५ सागरी मैल, म्हणजे ९.२६ किलोमीटर, किंवा उभं १००० फूट अंतर हवं. दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं. दोन्ही एकाच वेळी कमी पडली की सेपरेशन मोडलं. १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. विमानसेवेला अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये पाडलेली सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी साधारण ९० मीटरची होती. तशा तीन चिमण्या एकावर एक रचल्या तरी हे अंतर भरत नाही. सोलापूरवरून उंचावर एकमेकांना ओलांडणारी जेट विमानं गच्चीवरून चिकटल्यासारखी दिसतात, पण त्यांच्यात एवढी जागा असते.

टीकॅसला हे आकडे ठाऊकच नसतात. ते साधारण दर सेकंदाला आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला, विचारतं आणि उत्तरावरून अंतर, उंची आणि जवळ येण्याचा वेग काढतं. टक्कर होण्याइतकं जवळ यायला २० ते ४८ सेकंद उरले की ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा नुसता इशारा देतं. हा टीए (ट्रॅफिक अ‍ॅडव्हायजरी). तो ऐकून वैमानिकाने नजरेने शोध घ्यायचा आणि तयार राहायचं, विमान मात्र वळवायचं नाही. १५ ते ३५ सेकंद उरले की ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’ (वर चढा) किंवा ‘डिसेंड, डिसेंड’ (खाली उतरा) असा आदेश येतो. हा आरए (रेझोल्यूशन अ‍ॅडव्हायजरी). ही सेकंदं उंचीनुसार बदलतात: जितकं वर, तितकी जास्त.

आता हिशेब करून पाहा. ताशी ८०० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन विमानं सेकंदाला ४४४ मीटर जवळ येतात. ३५ सेकंद आधीचा आरए वाजतो तेव्हा त्यांच्यात १५ किलोमीटर असतात, म्हणजे आडवं सेपरेशन अजून शाबूत. उलट, एकाच उंचीवर एकामागे एक जाणाऱ्या दोघांत ७ किलोमीटर उरले आणि मागचं फक्त ताशी ४० किलोमीटरने जास्त वेगात असलं, तर गाठायला दहा मिनिटांहून जास्त लागतील. नियम मोडलेला आहे, पण टीकॅस गप्प.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो तिसऱ्या प्रकाराने. एक विमान ३५,००० फुटांवर स्थिर आहे, दुसरं ३४,००० ची परवानगी घेऊन मिनिटाला ३००० फुटांनी चढतंय. ते ३४,००० वर थांबणार हे टीकॅसला कळत नाही. त्याला फक्त चढण्याचा वेग दिसतो. म्हणून कुणाचीही चूक नसताना ‘लेव्हल ऑफ’चा, म्हणजे चढणं थांबवून सपाट उडण्याचा, आरए येतो. यावर उपाय सोपा आहे: जवळ दुसरं विमान असल्याचं माहीत असेल तर शेवटच्या १००० फुटांत चढण्या-उतरण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांखाली आणायचा.

नियंत्रक आणि टीकॅस यांचं सांगणं परस्परविरोधी निघालं तर आरए पाळायचा. ही गोष्ट फार महागात शिकावी लागली. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर नियंत्रकाने रशियन तुपोलेवला खाली उतरायला सांगितलं आणि काही सेकंदांत त्याच विमानाच्या टीकॅसने वर चढायला सांगितलं. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं मालवाहू बोईंग आपल्या टीकॅसप्रमाणे उतरतच होतं. ७१ जण गेले. दोन्ही टीकॅस आपसात बोलून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात. एकाने जरी उलट केलं तरी ती सगळी जुळणी फसते.

म्हणून क्रम पक्का आहे. आरए वाजताच पाच सेकंदांत हलक्या हाताने विमान आदेशाच्या दिशेने न्यायचं, मग रेडिओवर ‘टीकॅस आरए’ एवढंच सांगायचं. नियंत्रक ‘रॉजर’ (ऐकलं) म्हणतो आणि त्या विमानाला चढ-उताराची किंवा वळण्याची कुठलीही सूचना देत नाही. टीकॅसकडून ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू आलं की वैमानिक आधीच्या उंचीवर परततो, तसं कळवतो आणि जबाबदारी पुन्हा नियंत्रकाकडे येते.

टीकॅसला न दिसणारंही बरंच असतं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं धडकून ३४९ जण गेले, तेव्हा कझाक विमानात टीकॅस नव्हतंच. समोरच्याचा ट्रान्सपाँडर उंची सांगत नसेल तर आरए येत नाही, फक्त टीए. पक्षी, पतंग, लग्नाच्या चित्रीकरणाचा ड्रोन यांपैकी काहीच त्याला कळत नाही. जमिनीपासून साधारण १००० फुटांखाली तर आरए बंदच असतो, म्हणजे सोलापूरच्या होटगी रोडवरच्या धावपट्टीवर उतरतानाचे शेवटचे तीन-चार मैल टॉवरमधल्या माणसाच्या आणि वैमानिकाच्या डोळ्यांवर असतात.