फ्लॅश होताना केबल निघाली म्हणून बोर्ड मरत नाही

ईएसपी३२ (आपला प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: "फर्मवेअर फ्लॅश होताना यूएसबी निघाली किंवा लाईट गेली की ईएसपी३२ बोर्ड कायमचा ब्रिक होतो." (फ्लॅश करणं म्हणजे बोर्डवर फर्मवेअर, म्हणजे त्याचा प्रोग्राम, चढवणं; ब्रिक म्हणजे विटेसारखा निकामी.)

भीती वाटणं साहजिक आहे, कारण जुन्या मोबाईलचं किंवा राउटरचं असं झालेलं बऱ्याच जणांनी पाहिलंय. पण इथे रचना वेगळी आहे. आपण बिल्ड करून टाकतो तो कोड फ्लॅश मेमरीत जातो, आणि तो आत घेणारा पहिला बूटलोडर (बोर्ड चालू होताच धावणारा छोटा प्रोग्राम) मात्र चिपच्याच रॉममध्ये फॅक्टरीतून कोरलेला असतो, तो आपल्याला पुसायचा म्हटला तरी पुसता येत नाही. म्हणजे अर्धवट राहतं ते फक्त फ्लॅशमधलं.

स्वतः बघायचं तर सीरियल मॉनिटर (बोर्ड पाठवतो तो मजकूर कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) ११५२०० बॉड वेगावर उघडा. फ्लॅश रिकामी असेल तर "इनव्हॅलिड हेडर" ही ओळ परत परत येत राहते, आणि खरं तर ही चांगली बातमी आहे, कारण ती ओळ रॉमच छापतोय. आता बूट बटण दाबून धरा, ईएन (रिसेट) बटण दाबून सोडा, मग बूट सोडा. "वेटिंग फॉर डाउनलोड" दिसलं की मॉनिटर बंद करून, म्हणजे पोर्ट मोकळा करून, ईएसपीटूलने (फ्लॅश करायच्या कमांड-लाइन टूलने) फ्लॅश इरेज करा आणि पुन्हा फ्लॅश करा.

काहीच छापलं जात नसेल तर आधी केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबली फार छळतात.

बोर्ड खरंच जातो तो ३.३ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्ट दिल्यावर, किंवा ई-फ्यूज (चिपमधले एकदाच लिहिता येणारे बिट) चुकीचे बर्न केल्यावर, ते उलटवता येत नाहीत.