पाळीवरची झाडे बांध धरून ठेवतात का?

इंदूरजवळ महू-सिमरोलच्या बाजूला नौकाविहारासाठी किंवा हौसेच्या मासेमारीसाठी कोणी मातीचा छोटा बांध घातला, की एक सल्ला हमखास मिळतो: ‘पाळीवर झाडे वाढू द्या, मुळे माती धरून ठेवतात.’ डोंगरउतारावर हे पुष्कळ अंशी खरे आहे. पाणी अडवणाऱ्या भरावाला मात्र ते लागू पडत नाही.

झाड मेले किंवा तोडले, की मूळ कुजते आणि भरावात पोकळ नळी उरते. तळ्याचे पाणी तीच वाट धरते, जाताना मातीचे कण सोबत नेते आणि वाट रुंदावत जाते. बाहेरच्या पायथ्याशी दिसणारा पाझर स्वच्छ असेल तर त्यावर नजर ठेवावी. तो गढूळ झाला, तर आतली माती वाहू लागली आहे असे समजून खालच्या वस्तीला तत्काळ कळवावे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले खासगी मालकीचे केली बार्न्स धरण, जे पुढे केवळ विहारासाठी उरले होते, ६ नोव्हेंबर १९७७ रोजी पहाटे फुटले आणि ३९ जणांचा बळी गेला. फुटण्याचे एकच एक कारण ठरवता आले नाही, परंतु त्याच्या उतारावर झाडे माजलेली होती, हे नोंदलेले आहे.

पाळीवर हरळीच बरी. जुना वृक्ष असेल तर नुसता बुंधा कापणे म्हणजे कुजणाऱ्या मुळांना आमंत्रणच. आधी तळे उतरवून, अभियंत्याच्या देखरेखीखाली मुळे काढून, खड्डा थराथराने माती दाबत भरावा लागतो.