डीएनएस सर्व्हर चालू झाला, पण उत्तर बरोबर देतोय का?

डीएनएस म्हणजे नावावरून मशीनचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था, आणि बाइंड हा ते काम करणारा सर्व्हर प्रोग्राम. लिनक्सवर बाइंड टाकणं म्हणजे एका कमांडचं काम, स्टेटस बघितला की हिरव्या अक्षरात ॲक्टिव्ह दिसतं आणि आपण खूश. पण सर्व्हिस चालू असणं वेगळं आणि ती बरोबर उत्तर देणं वेगळं.

आधी इंटरनेटवरच्या सगळ्या मशीनची नावं एकाच फाईलमध्ये असायची, कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत, आणि बाकीच्यांनी ती तिथून उतरवून घ्यायची. मशीन वाढत गेली तशी ती फाईल आवरेना, म्हणून 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. आता ज्याचं डोमेन त्याने त्याची झोन फाईल, म्हणजे त्यातली नावं आणि पत्ते यांची यादी, सांभाळायची.

आणि खरी डोकेदुखी तिथेच! झोन फाईलमध्ये पूर्ण नाव लिहिलं की शेवटी टिंब लागतं. ते राहिलं तर बाइंड मागे डोमेन परत चिकटवतो, म्हणजे होतं एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम. नेम्ड-चेकझोन हा फाईल तपासणारा प्रोग्राम चालवा, तो बऱ्याचदा खुशाल ओके म्हणतो, कारण व्याकरण बरोबरच आहे ना. त्यालाच कॅपिटल डी ऑप्शन दिला की सगळी नावं पूर्ण छापून येतात, मग लगेच दिसतं. दुसरं म्हणजे सिरियल नंबर, फाईलच्या आवृत्तीचा आकडा. फाईल बदलली आणि तो वाढवला नाही तर सेकंडरी, म्हणजे झोनची प्रत ठेवणाऱ्या, सर्व्हरला काही बदललंय हे कळतच नाही, तो जुनंच सांगत बसतो.

आता चेक करायला डिग, म्हणजे डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारणारी कमांड. नुसतं डिग मारू नका, उबुंटूवर तो प्रश्न बहुतेक 127.0.0.53 वरच्या सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड या उबुंटूतल्याच डीएनएस सेवेकडे जातो, तुमच्या बाइंडकडे नाही. ॲटचं चिन्ह (@) लावून 127.0.0.1, म्हणजे त्याच मशीनचा पत्ता, लिहा. उत्तरात फ्लॅग्जच्या ओळीत एए (अधिकृत उत्तराची खूण) दिसला तर सर्व्हर स्वतःच्या झोनमधून बोलतोय. एनएक्सडोमेन आलं म्हणजे असं नावच नाही, सर्व्हफेल आलं तर बऱ्याचदा झोन लोडच झालेला नसतो, सरळ लॉग उघडा. फायरवॉलमध्ये पोर्ट 53 यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडा, मोठी उत्तरं टीसीपीने जातात आणि हे लोक हमखास विसरतात.

शेवटी बाहेरच्या नेटवर्कवरून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून वगैरे, तुमच्या सर्व्हरला भलत्याच डोमेनचं नाव विचारून बघा. रिफ्यूज्ड आलं तर ठीक. उत्तर आलं तर अलाऊ-रिकर्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या डोमेनची उत्तरं कोणाला शोधून द्यायची ही बाइंडची सेटिंग, आजच्या आज आवळा, नाहीतर कोणीतरी खोट्या पत्त्यावरून छोटे प्रश्न टाकून तिसऱ्याच माणसावर तुमच्या सर्व्हरची मोठमोठी उत्तरं आदळवणार.