कंपनीचं समाजकार्य आणि कर्मचाऱ्याचं मन : पार्श्वभूमी

सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हटलं की आज शाळा, झाडं, आरोग्य शिबिरं आठवतात. म्हणजे कंपनीच्या फाटकाबाहेरची माणसं. हा विचार सुरू झाला तो मात्र फाटकाच्या आत.

स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्यांचा कारभार १८०० साली रॉबर्ट ओवेन यांच्याकडे आला. नव्या मालकाकडे कामगार संशयानेच बघत होते. पुढे काही वर्षांनी अमेरिकेतून येणारा कापूस अडला आणि गिरण्या चार महिने बंद राहिल्या. ओवेन यांनी त्या काळातही सगळ्यांना पूर्ण पगार दिला. त्यानंतरच कामगारांचा आपल्यावर विश्वास बसला, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

याच्या अगदी उलट घडलं ते शिकागोजवळच्या पुलमन वसाहतीत. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८०च्या दशकात कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. विटांची घरं, नळाचं पाणी, ग्रंथालय, बागा. बाहेरून लोक कौतुकाने बघायला यायचे. १८९३च्या मंदीत कंपनीने मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. १८९४ मध्ये कामगार संपावर गेले आणि देशभरातली रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. हातात पगारच उरत नसेल तर बागेचं कौतुक कोण करणार?

विसाव्या शतकात चर्चेचा रोख बदलला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांच्या १९५३च्या पुस्तकाने उद्योजकाच्या सामाजिक जबाबदारीला अभ्यासविषयाचं रूप दिलं. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी एका लेखात, नफा मिळवणं हीच उद्योगाची जबाबदारी, असं ठणकावलं. मात्र गावासाठी पैसा खर्च केला तर चांगली माणसं कामाला मिळणं सोपं होतं, हे त्याच लेखात त्यांनी मान्य केलं. पुढची अनेक वर्षं वाद रंगला तो भागधारक आणि नफ्याभोवती. कर्मचाऱ्याला काय वाटतं, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

त्याच्या मनाकडे वळायला वाट मिळाली मानसशास्त्रातून. माणूस ज्या गटात असतो त्या गटाच्या मानावर स्वतःचा मान जोखतो, असा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ ताजफेल आणि टर्नर यांनी १९७९ मध्ये मांडला. अ‍ॅशफोर्थ आणि माएल यांनी १९८९ मध्ये तो कंपन्यांना लावला. नोकरी शोधणाऱ्यांना समाजाचं भान असलेल्या कंपन्या अधिक आकर्षक वाटतात, हे टर्बन आणि ग्रीनिंग यांनी १९९७ मध्ये दाखवलं. मग अभिमान, निष्ठा, नोकरी सोडण्याचा विचार यांवर अभ्यास वाढत गेले. तरीही अगिनिस आणि ग्लावास यांनी २०१२ मध्ये सीएसआरवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा व्यक्तीच्या पातळीवरचं संशोधन अगदी थोडं निघालं.

आणि सगळे निष्कर्ष गोडही नाहीत. अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट आणि फतेमेह मोमेनी यांनी ऑनलाइन कामगार नेमून प्रयोग केला. कंपनी देणगी देते असं कळल्यावर कामचुकारपणा वाढला. देणगी ‘तुमच्या वतीने’ दिली असं सांगितल्यावर तर आणखीच. एक चांगलं काम आपल्या खात्यावर जमा झालं, आता थोडी सूट घ्यायला हरकत नाही, असं मन धरून चालतं, हा त्यांचा अर्थ.

माझ्या मते यातला कळीचा धागा हेतूचा आहे. कंपनी हे मनापासून करते की फोटोपुरतं, हे कर्मचारी ताडतो. त्याच्याकडे पुरावाही असतो, कारण सुट्टी नाकारली जाते ती त्याची आणि थकलेला ओव्हरटाइमही त्याचाच असतो.